ड्रोन व्हिडिओत आकाश पांढरंफटक, जमीन काळी: कारण कसं शोधायचं आणि काय बदलायचं

तक्रार जवळजवळ नेहमी अशीच असते. उडवताना स्क्रीनवर सगळं छान दिसत होतं. संगणकावर क्लिप उघडली तर ढग गायब, आकाशाच्या जागी नुसतं पांढरं, आणि डोंगराची सावलीकडची बाजू काळीकुट्ट. पुढच्या वेळी एक्स्पोजर (कॅमेऱ्यात नोंदल्या जाणाऱ्या उजेडाचं प्रमाण) खाली आणलं की आकाश वाचतं, पण जमीन उजळवायला गेल्यावर तिच्यावर रंगीत दाणे नाचू लागतात. मग कुणीतरी एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची गडद काच, घ्यायला सांगतं. फिल्टर येतो, आकाश पुन्हा पांढरंच.

या चक्रातून बाहेर पडायचं तर एक सवय बदलावी लागते. एक्स्पोजर शॉटच्या पहिल्या फ्रेमवर ठरवू नका. त्या उड्डाणात कॅमेऱ्यासमोर येणारी सर्वांत उजळ फ्रेम कोणती, ते आधी शोधा आणि तिच्यावर ठरवा. ट्रायपॉडवरचा कॅमेरा एका चौकटीकडे बघत असतो. ड्रोन चढतो, वळतो, गिंबल (कॅमेरा धरून फिरवणारा भाग) उचलतो, आणि काही सेकंदांत फ्रेममधलं आकाश शून्यावरून निम्म्यावर जातं. पहिल्या फ्रेमसाठी अचूक असलेलं एक्स्पोजर शेवटच्या फ्रेममध्ये बिघडणारच. खालचं बहुतेक सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी तपासा: आकाश खरंच गेलंय का?

सेटिंग्ज बदलण्याआधी हे बघणं गरजेचं आहे, कारण कित्येकदा माहिती फाइलमध्ये असते आणि ती दाखवण्यात घोळ झालेला असतो. एडिटरमध्ये वेव्हफॉर्म (फ्रेमचा उजळपणा दाखवणारा आलेख) उघडा आणि हायलाइट (उजळ भाग) किंवा गेन खाली ओढा. ढगांच्या कडा परत दिसू लागल्या, तर चित्रीकरण ठीक आहे. पांढरा भाग तसाच सपाट राहून फक्त राखाडी झाला, तर तिथं काहीच नोंदलेलं नाही. कोणतंही सॉफ्टवेअर ते परत आणू शकत नाही.

माहिती असूनही पांढरं दिसण्याची तीन कारणं मला सर्वाधिक आढळतात. पहिलं, एलयूटी (लॉगच्या सपाट चित्राला नेहमीचे रंग देणारा तक्ता) चुकीची असणं. डी-लॉग आणि डी-लॉग एम ही वेगळी लॉग प्रोफाइल आहेत, म्हणजे चित्र सपाट नोंदवण्याच्या दोन वेगळ्या पद्धती. एकाची एलयूटी दुसऱ्यावर लावली की कॉन्ट्रास्ट आणि रंग दोन्ही बिघडतात आणि हायलाइट अकारण कापले जातात. दुसरं, क्रम चुकणं. बहुतेक एलयूटी ठरावीक मर्यादेपुढचं सगळं छाटून टाकतात, त्यामुळे एक्स्पोजरची दुरुस्ती एलयूटीच्या आधीच्या नोडवर (दुरुस्तीच्या टप्प्यावर) करावी लागते. नंतर केली तर छाटलेल्या चित्रावरच काम सुरू असतं. तिसरं, एचएलजीमध्ये (एचडीआर व्हिडिओच्या एका प्रकारात) चित्रित केलेली क्लिप साध्या टाइमलाइनवर कलर मॅनेजमेंटशिवाय टाकणं. याखेरीज डेटा लेव्हल (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या आकड्यांची व्याप्ती) फुल आहे की व्हिडिओ, हेही एकदा क्लिपच्या गुणधर्मांत बघून घ्या. सॉफ्टवेअरने तिथं चुकीचा अंदाज केला, तर उजळ आणि गडद अशी दोन्ही टोकं कापल्यासारखी दिसतात.

हे सगळं ठीक असूनही आकाश सपाटच असेल, तर पुढे वाचा.

उजळ टोक आधी का सांभाळायचं

उजेड दुप्पट झाला की एक स्टॉप वाढतो. सर्वांत गडद तपशिलापासून सर्वांत उजळ तपशिलापर्यंत कॅमेरा जेवढे स्टॉप एकाच वेळी नोंदवू शकतो, ती त्याची डायनॅमिक रेंज. ४/३ आकाराचा सेन्सर असलेल्या मॅविक ३ या ड्रोनसाठी उत्पादकाने १२.८ स्टॉप हा आकडा दिला आहे. सेन्सर त्याहून लहान असेल तर सहसा त्यापेक्षा कमी धरावं. शिवाय या आकड्यातले सगळ्यात खालचे स्टॉप नॉइजमध्ये (दाण्यांमध्ये) बुडालेले असतात, म्हणजे ग्रेडिंगला (एडिटरमध्ये रंग आणि उजेड सुधारायला) प्रत्यक्ष उपयोगी पडणारी रेंज छापील आकड्याहून लहान असते. फ्रेममध्ये सूर्यालगतचं आकाश आणि दरीतली सावली एकत्र आली की ती सहज ओलांडली जाते.

आता सेन्सरचा स्वभाव बघा. तो उजेड सरळ प्रमाणात मोजतो. १२ बिटच्या मोजणीत ४०९६ पायऱ्या धरल्या, तर सर्वांत उजळ स्टॉपच्या वाट्याला २०४८ येतात, त्याखालच्या स्टॉपला १०२४, मग ५१२, आणि असं उतरत आठव्या स्टॉपपाशी केवळ १६ उरतात. वरच्या टोकाला माहिती भरपूर असते, पण पिक्सेल भरला की ती एकदम तुटते. खालच्या टोकाला ती विरळ होत जाते, दाणेदार होते, तरी हळूहळू. म्हणून शंका असेल तेव्हा उजळ टोक वाचवायचं. पण गरजेपेक्षा एक स्टॉपही जास्त खाली जायचं नाही, कारण तो स्टॉप सावलीतून वजा होतो. ‘ड्रोनवर नेहमी एक-दीड स्टॉप कमीच ठेवा’ हा सल्ला मला म्हणूनच पटत नाही. ढगाळ दिवशी, किंवा कॅमेरा सरळ खाली वळवलेला असताना वाचवायला काही उजळ नसतंच. तिथं कमी एक्स्पोजर म्हणजे विनाकारण नॉइज.

उड्डाणातला क्रम

ॲपमध्ये ऑटो सोडून प्रो किंवा मॅन्युअलवर या. हिस्टोग्राम (डावीकडे गडद, उजवीकडे उजळ असा आलेख) आणि ओव्हरएक्स्पोजरची झेब्रा (जास्त उजळ भागावर उमटणारे पट्टे) चालू करा. फोनचा ब्राइटनेस पूर्ण वाढवा आणि आपोआप बदलणारा ब्राइटनेस बंद करा. उन्हात डोळे आकसलेले असतात आणि स्क्रीनवर चकाकी असते. तिथं ‘दिसायला बरं वाटतंय’ या निकषाला काहीच किंमत नाही.

मग रेकॉर्डिंग न करता शॉट एकदा पूर्ण उडवून बघा. बॅटरी अपुरी असेल तर किमान ड्रोन जागच्या जागी वळवा आणि गिंबल शेवटच्या फ्रेमपर्यंत न्या. सर्वांत उजळ फ्रेमवर थांबा. आयएसओ (सेन्सरचा सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) तळाला ठेवा आणि शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड घेण्याचा वेळ, सेकंदाच्या अंशात) हळूहळू वेगवान करत ढगांवरची झेब्रा जेमतेम जाईल तिथं सोडा. सूर्याचं बिंब आणि पाण्यावरचे चमकते ठिपके यांच्यावर झेब्रा राहणारच. त्यांच्यामागे लागलात तर उरलेली पूर्ण फ्रेम अंधारात जाईल. जपायच्या असतात त्या बिंबाभोवतीचा उतार आणि ढगांच्या कडा.

तिथंच व्हाइट बॅलन्सही ठरावीक केल्व्हिनवर पक्का करा, उन्हात ५५०० च्या आसपास. ऑटो व्हाइट बॅलन्स ठेवलात, तर निळं आकाश फ्रेममध्ये शिरताच जमिनीचा रंग सरकतो, आणि हा बदल ग्रेडिंगमध्ये काढणं एक्स्पोजरच्या चढउतारापेक्षाही किचकट असतं.

आता सुरुवातीच्या फ्रेमवर परत या. ती अंधारी वाटेल. वाटू द्या, पण तिचा हिस्टोग्राम बघा. डाव्या भिंतीला मोठा ढीग चिकटलेला असेल, तर दृश्य कॅमेऱ्याच्या रेंजमध्ये मावत नाही. किती मावत नाही हे मोजता येतं. उजळ फ्रेमसाठी निघालेला शटर लक्षात ठेवा, समजा १/२०००. मग महत्त्वाची सावली मोकळी दिसेपर्यंत शटर मंद करा, समजा १/५००. हा फरक दोन स्टॉपचा झाला, म्हणजे नंतर सावली दोन स्टॉप उचलावी लागेल. १० बिट फुटेजमध्ये (रंगांच्या जास्त पायऱ्या नोंदवणाऱ्या) ते आरामात जमतं. तीन स्टॉप ओढूनताणून जमतात, तेही मोठ्या सेन्सरवर. सावलीसाठी १/६० पर्यंत यावं लागलं तर फरक पाच स्टॉपचा. तो शॉट त्या वेळी, त्या दिशेने घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. एवढ्या मोजणीला अर्धं मिनिटही लागत नाही आणि घरी जाऊन होणारी निराशा टळते.

मॅन्युअल सेटिंग नसलेल्या ड्रोनवर हेच काम एई लॉकने, म्हणजे एक्स्पोजर जागच्या जागी पक्कं करण्याच्या सोयीने, होतं. ईव्ही (एक्स्पोजर स्टॉपमध्ये कमीजास्त करणारं सेटिंग) -०.३ ते -०.७ ठेवा, उजळ फ्रेमवर मीटरिंग (उजेडाची मोजणी) करून लॉक करा आणि मग सुरुवातीच्या जागी या. शॉटच्या मधोमध उजेड ‘श्वास घेतल्यासारखा’ कमीजास्त होत असेल, तर त्याचं कारणही बहुतेक वेळा न लावलेला लॉकच असतो. बॅटरी बदलल्यावर किंवा आपोआप उडणाऱ्या शॉटच्या मोडमध्ये गेल्यावर सेटिंग्ज टिकली आहेत ना, हे पुन्हा बघायला विसरू नका.

एनडी फिल्टरकडून भलती अपेक्षा

एनडी फिल्टर पूर्ण फ्रेमचा उजेड सारख्याच प्रमाणात कमी करतो. आकाश चार स्टॉप खाली आणि जमीनही चार स्टॉप खाली. दोघांमधलं अंतर होतं तेवढंच राहतं. डायनॅमिक रेंज त्याने रेसभरही वाढत नाही. त्याचं काम फक्त शटर मंद ठेवू देणं, म्हणजे हालचालीत नैसर्गिक धूसरपणा येतो. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५०, ३० असतील तर १/६० हा त्यातला प्रचलित नियम.

कोणता एनडी लागेल याचा हिशोब सोपा आहे. लख्ख उन्हात एफ/१६ अॅपर्चरला (अॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक; एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं) शटर साधारण आयएसओच्या आकड्याएवढा येतो, म्हणजे आयएसओ १०० ला १/१००. एफ/२.८ हे एफ/१६ पेक्षा पाच स्टॉप उघडं असतं, म्हणून १/३२००. तिथून १/५० वर यायला सहा स्टॉप हवेत, आणि सहा स्टॉप म्हणजे एनडी ६४. मिनी ३ प्रो किंवा मिनी ४ प्रोसारख्या एफ/१.७ च्या लेन्सला आणखी जवळजवळ दीड स्टॉप लागतो. अॅपर्चर बदलता येत नसल्यामुळे अशा ड्रोनवर दुसरा मार्गही नसतो. मॅविक ३ वर ते एफ/११ पर्यंत बंद करता येतं, पण टोकाला डिफ्रॅक्शनमुळे (बारीक भोकातून जाताना उजेड पसरल्यामुळे) चित्र मऊ पडतं. माझी पसंती एनडी लावून मधल्या अॅपर्चरवर राहण्याला.

खरा धोका जास्त गडद एनडी लावण्यात आहे. संध्याकाळचा शॉट, लेन्सवर एनडी ६४, सूर्य उतरत चाललेला. हवेत फिल्टर काढता येत नाही, म्हणून आयएसओ वाढवला जातो. आयएसओ दुप्पट करताना दर वेळी जवळपास एक स्टॉप रेंज गमावली जाते. ज्या फिल्टरकडून आकाश वाचवण्याची आशा होती, त्यानेच रेंज खाल्ली. उजेड उतरत असेल तेव्हा एक पायरी हलका फिल्टर लावा आणि सुरुवातीला शटर थोडा वेगवान राहिला तर राहू द्या. ड्रोन उंचावर असताना जमीन फ्रेममध्ये इतकी सावकाश सरकते की १/५० आणि १/२०० मधला फरक फारसा कळत नाही. झाडांच्या शेंड्यांलगत किंवा जमिनीजवळून वेगाने उडताना मात्र तो लगेच डोळ्यांत भरतो, तेव्हा नियम पाळा.

फिल्टर ड्रोन बंद असतानाच लावा, म्हणजे चालू होताना गिंबल त्याच्या वजनासह स्वतःला तपासून घेतो. आणि काच पुसा. बोटाचा ठसा सूर्याकडे तोंड असताना फ्रेमभर धुरकट उजेड पसरवतो. काळा भाग त्याने राखाडी होतो आणि हातातली रेंजही वाया जाते.

पोलरायझर (परावर्तित उजेड अडवणारा फिल्टर) पाण्यावरची चमक कमी करतो, त्यामुळे तिथं थोडी मदत होते. पण ड्रोन वळला की त्याचा परिणाम बदलतो आणि रुंद फ्रेममध्ये आकाशाचा निळा एका बाजूला गडद, दुसऱ्या बाजूला फिका दिसतो. वळणाऱ्या शॉटसाठी तो नको. ग्रॅज्युएटेड एनडी (फक्त वरचा भाग गडद असलेला फिल्टर) क्षितिज एका जागी स्थिर असेल तोवरच चालतो.

लॉग वापरूनही दाणे किंवा पट्टे दिसत असतील

लॉग प्रोफाइल सेन्सरची रेंज वाढवत नाही. नेहमीच्या प्रोफाइलमध्ये जी फेकून दिली जाते ती जपून ठेवतं, कारण उपलब्ध पायऱ्या ते स्टॉपमध्ये जवळपास सारख्या वाटतं. १२ स्टॉप धरले तर ८ बिटच्या २५६ पायऱ्यांमधून एका स्टॉपला वीस-एकवीस येतात, १० बिटच्या १०२४ मधून पंच्याऐंशीच्या आसपास. म्हणून ८ बिटमध्ये लॉगसारखं सपाट प्रोफाइल घेऊन आकाश ताणलं की निळ्या रंगात पट्टे पडतात. तुमचा ड्रोन ८ बिटच असेल तर नॉर्मल प्रोफाइलवर राहा आणि एक्स्पोजर नीट ठरवा. त्यातून मिळणारं चित्र ओढूनताणून केलेल्या ग्रेडिंगपेक्षा चांगलं असतं.

१० बिट लॉगमध्ये दाणे दिसत असतील तर बहुधा एक्स्पोजर कमी ठेवलं गेलं आहे. लॉगचं सपाट चित्र स्क्रीनवर फिकं, उजळ दिसतं. ते बघून हात आपोआप शटर वेगवान करतो. ॲपमध्ये लॉगसाठी बघण्यापुरता रंग दाखवणारी सोय असेल तर ती चालू करा, पण निर्णय हिस्टोग्रामवरच घ्या. इथं एक खाचखळगा आहे. लॉगमध्ये हायलाइट तुटण्याची जागा हिस्टोग्रामच्या उजव्या टोकाच्या अलीकडेही असू शकते. तुमच्या ड्रोनवर ती कुठं आहे हे एकदाच तपासून ठेवा. कॅमेरा उजळ आकाशाकडे धरून एक्स्पोजर वाढवत जा. ढीग एका जागी अडून उभा राहिला आणि पुढे सरकेनासा झाला की ती तुमची भिंत. त्यानंतर लॉगमध्ये चित्र भिंतीच्या किंचित अलीकडे, पण शक्य तितकं उजवीकडे ठेवा. काही मॉडेलवर लॉग निवडताच किमान आयएसओ वाढतो. तो दोष नाही, तिथं थोडा गडद एनडी लागेल एवढंच.

सूर्यास्ताला नारिंगी रंग पिवळा होऊन तुटतो तेव्हा

हे दुखणं स्वतंत्रपणे सांगायला हवं, कारण हिस्टोग्राम सुरक्षित असूनही ते होतं. ॲपमधला हिस्टोग्राम एकूण उजळपणा दाखवत असतो. मावळतीच्या आकाशात लाल चॅनल बाकी दोघांच्या बराच पुढे असतो आणि तो एकटा आधी भरतो. लाल थांबतो, हिरवा वाढत राहतो, म्हणून नारिंगीच्या जागी पिवळा डाग येतो आणि त्याची कडा कापल्यासारखी दिसते. एडिटरमध्ये आरजीबी परेड (लाल, हिरवा आणि निळा वेगवेगळे दाखवणारा आलेख) उघडली की लाल रेघ वर चिकटलेली दिसेल. उपाय एकच. अशा आकाशात झेब्रा गेल्यानंतरही अर्धा ते एक स्टॉप आणखी खाली या. त्या वेळी जमीन बहुधा आकृतीसारखी काळी ठेवायचीच असते, त्यामुळे नुकसान काही नाही.

आकाशात किंवा पूर्ण फ्रेमवर वेगाने सरकणारे गडद पट्टे दिसत असतील, तर तो एक्स्पोजरचा बिघाड समजू नका. सूर्य समोर आणि किंचित वर असताना पंख्यांची सावली लेन्सवर पडते आणि सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्यामुळे तिचे पट्टे उमटतात. गिंबल थोडा खाली करा, दिशा काही अंश बदला, आणि शटर मंद ठेवा. वेगवान शटरला ते अधिक ठळक होतात. रात्री दिव्यांच्या उजेडात लुकलुक दिसली तर कारण विजेची वारंवारता. ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यात १/५० किंवा १/१०० शटर ठेवला की ती थांबते.

दृश्य मावतच नसेल तर

सगळ्यात परिणामकारक बदल दिशेचा असतो. सूर्य पाठीशी किंवा बाजूला घेतला की आकाश आणि जमीन यांच्यातलं अंतर कित्येक स्टॉपनी कमी होतं. तोच शॉट उलट दिशेने, मागे मागे उडत घेता येतो का बघा. गिंबल थोडा खाली करून आकाश फ्रेमच्या वरच्या पट्टीपुरतं ठेवलं तर तिथली पांढरी जागा खुपत नाही. सूर्य क्षितिजाखाली गेल्यावर मावळतीच्या विरुद्ध बाजूचं आकाश आणि जमीन एकमेकांच्या खूप जवळ येतात. त्या थोड्या वेळात लहान सेन्सरचा ड्रोनही सुंदर फुटेज देतो.

काही ड्रोनमध्ये एचडीआर व्हिडिओ (उजळ आणि गडद दोन्ही जास्त सामावणारा) मिळतो, त्यातल्या काहींवर सेकंदाला ३० फ्रेमपर्यंतच. तसं असेल तर ६० फ्रेमचा मोह सोडून तो चालू करून बघा. वेपॉइंटची (ठरवलेल्या मार्गावर आपोआप उडण्याची) सोय असेल तर तोच मार्ग दोनदा उडवून, एकदा आकाशासाठी आणि एकदा जमिनीसाठी, दोन्ही क्लिप क्षितिजाच्या रेषेवर जोडता येतात. पण जीपीएसवर ड्रोनची जागा मीटरभर किंवा त्याहून अधिकही चुकू शकते. दूरच्या क्षितिजावर हा फरक दिसत नाही, जवळच्या झाडावर किंवा मनोऱ्यावर लगेच दिसतो. म्हणून क्षितिज मोकळं असेल तरच याच्या वाटेला जा.

आधीच चित्रित झालेलं फुटेज हातात असेल आणि आकाश खरंच गेलेलं असेल, तर पांढऱ्या भागाला राखाडी करू नका. तो आणखी केविलवाणा दिसतो. त्याला पांढराच राहू द्या, त्याच्या कडेचा उतार कर्व्हने मऊ करा आणि फ्रेम वरून थोडी कापा. फोरके फुटेज १०८० च्या टाइमलाइनवर असेल तर कापायला भरपूर जागा असते. सावली उचलायची असेल तर आधी नॉइज रिडक्शन, मग उचल. उलट क्रमाने केलं तर मोठे झालेले दाणे सॉफ्टवेअरला तपशील वाटतात आणि ते चित्रातून निघत नाहीत.